बातमी, नोंद आणि धोरण : पश्चिम बाल्कनमधील लहान शस्त्रांचे नियंत्रण व प्रशिक्षणार्थींचे कार्य

प्रस्तावना

निःशस्त्रीकरणाच्या इतिहासात करार, परिषदा आणि मुत्सद्दी यांनाच प्रायः मध्यवर्ती स्थान मिळत आले आहे. अण्वस्त्रांच्या संदर्भात ते स्वाभाविकही आहे. ती अस्त्रे मोजक्या राष्ट्रांच्या ताब्यात असतात, त्यांची गणती होऊ शकते आणि तपासणीची व्यवस्था करारातच नमूद करता येते. लहान शस्त्रांची स्थिती मात्र सर्वस्वी निराळी आहे. पिस्तुले, रायफली व हलक्या मशीनगन सैन्याच्या कोठारातून बाहेर पडल्या, की शेतघराच्या माळ्यावर, तळघरात, क्वचित अंगणातल्या मातीखाली पिढ्यान्‌पिढ्या राहतात. संयुक्त राष्ट्रांचे तत्कालीन महासचिव बुट्रोस बुट्रोस-घाली यांनी १९९५ मध्ये ‘सूक्ष्म निःशस्त्रीकरण’ ही संकल्पना मांडली, तेव्हा प्रत्यक्ष माणसे मारणाऱ्या या शस्त्रांकडे जगाचे लक्ष वेधण्याचा त्यांचा हेतू होता. तथापि जे मोजता येत नाही, त्याचे नियंत्रण कसे करावयाचे, हा प्रश्न त्या संकल्पनेबरोबरच जन्मास आला.

पश्चिम बाल्कन प्रदेशात या प्रश्नाचे एक उत्तर हळूहळू घडत गेले. शस्त्रे किती आहेत, याबरोबरच त्या शस्त्रांनी काल काय केले, याची रोजच्या रोज नोंद ठेवणे, हे ते उत्तर होय. या नोंदींचा मोठा भार विद्यापीठातून नुकत्याच बाहेर पडलेल्या प्रशिक्षणार्थींनी, म्हणजे इंटर्न म्हणून काम करणाऱ्या तरुण-तरुणींनी उचलला. प्रस्तुत लेखात या पद्धतीची ऐतिहासिक पार्श्वभूमी, तिची कार्यरीती आणि तिच्या मर्यादा यांचा विचार केला आहे.

शस्त्रसाठ्यांचा वारसा

१९६८ मध्ये सोव्हिएत फौजा चेकोस्लोव्हाकियात शिरल्या आणि युगोस्लाव्हियाच्या नेतृत्वाला आपल्याही सीमेची चिंता वाटू लागली. १९६९ पासून तेथे ‘प्रादेशिक संरक्षण’ ही व्यवस्था उभी राहिली. नियमित सैन्याबरोबरच प्रत्येक गणराज्याने, गावाने आणि कारखान्यानेही आक्रमकाशी लढण्यास सज्ज असावे, असे तिचे तत्त्व होते. त्यानुसार शस्त्रांचे साठे स्थानिक पातळीवर ठेवण्यात आले. सर्बियातील क्रागुयेवात्स येथील झास्तावा कारखान्यात कलाश्निकोव्हच्या धर्तीवर तयार होणारी रायफल देशभर पोहोचली. परकीय आक्रमण झालेच नाही. दोन दशकांनी देश फुटला, तेव्हा जनतेच्या हाती दिलेली हीच शस्त्रे शेजाऱ्यांवर रोखली गेली. २५ सप्टेंबर १९९१ रोजी सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक ७१३ द्वारे युगोस्लाव्हियावर शस्त्रबंदी लादली खरी, परंतु ज्या प्रदेशात शस्त्रे आधीच घराघरांपर्यंत पोहोचली होती तेथे तिचा परिणाम मर्यादित राहणे क्रमप्राप्त होते. तिने तस्करीला मात्र भरपूर वाव दिला.

शेजारच्या अल्बानियात निराळ्याच मार्गाने तीच परिस्थिती ओढवली. तेथील साखळी-गुंतवणुकीच्या योजनांमध्ये जनतेने आपली बचत, अनेकांनी तर घरेदारे विकून आलेला पैसा गुंतवला होता. या योजनांची देणी देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या निम्म्याच्या आसपास गेली होती. १९९७ च्या आरंभी त्या कोसळल्या, शासनसंस्था विस्कळीत झाली आणि संतप्त जमावांनी लष्करी कोठारे फोडली. काही आठवड्यांत पाच लाखांहून अधिक शस्त्रे नागरिकांच्या हाती गेली. त्यांतील बरीचशी पुढील वर्षी सीमेपलीकडे कोसोव्होच्या संघर्षात पोहोचली. बुडीत ठेवींचा राग एका देशात आणि त्याची गोळी दुसऱ्या देशात, असा हा विचित्र प्रवास होय.

दक्षिण-पूर्व युरोपातील शस्त्रांचा हा सुळसुळाट भारतालाही अगदी अपरिचित नाही. १७ डिसेंबर १९९५ च्या रात्री पश्चिम बंगालमधील पुरुलिया जिल्ह्यात विमानातून जी शस्त्रे टाकली गेली, ती बल्गेरियातील बुर्गास येथून निघाली होती. त्यानंतर काही दिवसांतच ते विमान मुंबईत सक्तीने उतरवण्यात आले.

शस्त्रसंकलनाचे दशक

युद्धे थांबल्यानंतरचा पहिला उपाय म्हणजे शस्त्रे गोळा करणे. बोस्नियात नाटोप्रणीत सैन्याने १९९८ पासून ‘हार्वेस्ट’ या नावाने मोहीम चालवली. २००१ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मॅसिडोनियात नाटोने सुमारे एका महिन्यात ३,८७५ शस्त्रे जमा केली. अल्बानियातील ग्रामश जिल्ह्यात संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाने १९९८-९९ मध्ये अधिक कल्पक मार्ग चोखाळला. शस्त्र परत करणाऱ्या व्यक्तीस रोख रक्कम न देता गावाला रस्ते, दूरध्वनी, पथदिवे द्यावयाचे, अशी ती योजना होती. सुमारे सहा हजार शस्त्रे आणि शंभराहून अधिक टन दारूगोळा तेथे जमा झाला. ग्रामश हेच एकेकाळी कलाश्निकोव्ह बनवणाऱ्या कारखान्याचे गाव होते, हा योगायोग लक्षणीय आहे.

हेच प्रतिमान २००३ च्या सप्टेंबरमध्ये कोसोव्होत राबवण्यात आले. त्या वर्षीच्या अभ्यासानुसार तेथे नागरिकांकडे ३,३०,००० ते ४,६०,००० शस्त्रे असावीत, असा अंदाज होता. प्रत्येक नगरपालिकेने किमान ३०० शस्त्रे जमा केल्यास तिला विकासनिधी मिळणार होता. महिनाभराच्या मुदतीत संपूर्ण कोसोव्होत मिळून १५५ शस्त्रे जमा झाली आणि एकही नगरपालिका निधीस पात्र ठरली नाही. प्रदेशाचा राजकीय दर्जा अनिश्चित असताना आणि पुन्हा युद्ध होणारच नाही याची शाश्वती नसताना लोकांनी शस्त्र सोडावे, ही अपेक्षाच भाबडी होती, असे म्हणावे लागेल.

या अपयशाचा पद्धतिशास्त्रीय अर्थ अधिक महत्त्वाचा आहे. साठ्याचा अंदाज साडेतीन लाख धरा वा साडेचार लाख, त्यातून कोणत्या गावात, कोणत्या घरात, कोणाच्या जिवाला धोका आहे हे कळत नाही. जमा झालेल्या शस्त्रांची संख्याही फसवीच असते. गंजलेली जुनी बंदूक परत केली जाते आणि वापरातले पिस्तूल घरातच राहते. मोहिमेच्या अहवालात दोन्हींचे मूल्य ‘एक’ एवढेच.

याच सुमारास प्रादेशिक यंत्रणा आकारास येत होती. जुलै २००१ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी लहान शस्त्रांच्या अवैध व्यापाराविरुद्ध कृतिकार्यक्रम स्वीकारला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दक्षिण-पूर्व युरोपच्या ‘स्थैर्य करारा’ने आपली प्रादेशिक अंमलबजावणी योजना तयार केली. मे २००२ मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम आणि स्थैर्य करार यांच्या संयुक्त विद्यमाने बेलग्रेड येथे एक केंद्र स्थापन झाले. ‘सीसॅक’ या संक्षिप्त नावाने ते ओळखले जाते. स्थैर्य कराराची जागा २००८ मध्ये प्रादेशिक सहकार्य परिषदेने घेतली, केंद्र मात्र टिकले. कालपर्यंत परस्परांशी लढलेल्या देशांच्या पोलीस आणि संरक्षण खात्यांना एकाच मेजाभोवती बसवणे, हे त्याचे पहिले काम. सर्वांना मान्य होईल अशी समान माहिती निर्माण करणे, हे दुसरे आणि अधिक अवघड.

मोजणीची परंपरा : साराजेव्होचे उदाहरण

बाल्कनमध्ये आकडा हे स्वतःच एक शस्त्र होते. बोस्नियाच्या युद्धात (१९९२-९५) दोन लाखांहून अधिक माणसे मारली गेली, असा आकडा वर्षानुवर्षे उद्धृत होत राहिला. तो कोठून आला, हे विचारणे एका पक्षास अपमानास्पद वाटे, तर दुसरा पक्ष त्याच आकड्याच्या अविश्वसनीयतेचा आधार घेऊन हत्याच नाकारीत असे. साराजेव्होतील संशोधन व प्रलेखन केंद्राने मिर्साद तोकाचा यांच्या नेतृत्वाखाली या वादाला वेगळे उत्तर दिले. प्रत्येक मृताचे नाव, मृत्यूचे स्थळ, दिनांक आणि परिस्थिती यांची नोंद त्यांनी अनेक साधनांतून जुळवली. त्यात वृत्तपत्रीय मजकूर, मृत्यूची नोंदणी, कुटुंबीयांच्या साक्षी यांचा अंतर्भाव होता. २००७ मध्ये त्यांनी ९७,२०७ नावांची यादी प्रसिद्ध केली. प्रचलित आकड्याच्या निम्म्याहून कमी भरणाऱ्या या संख्येबद्दल त्यांच्यावर स्वकीयांकडूनही टीका झाली. परंतु नावानिशी नोंद असल्यामुळे ती नाकारणे कोणालाच सोपे राहिले नाही.

शांततेच्या काळातील गोळीबाराची नोंद ठेवण्याचे काम याहून साधे वाटते. वस्तुतः दोहोंचे तर्कशास्त्र एकच आहे. मोठा, गोल, भावनेने भारलेला आकडा बाजूस ठेवून एकेक घटना, एकेक स्थळ आणि एकेक व्यक्ती यांपासून आरंभ करावयाचा. सीसॅकने २०१० नंतरच्या दशकात सशस्त्र हिंसेच्या निरीक्षणासाठी उभारलेली माहितीव्यवस्था याच तर्कावर आधारलेली आहे.

रोजची नोंद

या व्यवस्थेतील काम बाह्यतः नीरस आहे. प्रशिक्षणार्थी सकाळी स्थानिक वृत्तपत्रे, वृत्तसंस्था आणि पोलिसांची प्रसिद्धिपत्रके चाळतो. गोळीबार, शस्त्राचा धाक दाखवून केलेली लूट, कौटुंबिक वादातील हत्या, लग्नात हवेत झाडलेली गोळी, हातबॉम्बचा स्फोट, पोलिसांनी केलेली शस्त्रजप्ती, अशी प्रत्येक बातमी तो वेगळी काढतो. मग ठरावीक रकाने भरतो : दिनांक, गाव, घटनेचा प्रकार, शस्त्राचा प्रकार, मृत व जखमी, त्यांचे वय आणि लिंग, हल्लेखोर व बळी यांचे परस्परांशी नाते.

रकाने भरणे सोपे, असा समज पहिल्याच दिवशी दूर होतो. वार्ताहर प्रत्येक लांब नळीच्या शस्त्राला ‘कलाश्निकोव्ह’ म्हणतो, त्यामुळे ते खरोखरीच लष्करी बनावटीचे होते की शिकारीची रायफल, हे बातमीवरून ठरवता येत नाही. अशा वेळी ‘अज्ञात’ लिहिण्याचा संयम हवा. एकच घटना चार वृत्तपत्रांत चार ठिकाणी घडल्यासारखी येते. कोणी गावाचे नाव देतो, कोणी तालुक्याचे, कोणी जवळच्या शहराचे. ती चार वेळा नोंदली गेली, तर तिमाहीचा आलेख उगाच वर चढतो. पिस्तुलासारखी दिसणारी वस्तू दाखवून दुकान लुटले गेले. ते पिस्तूल खरे होते की खेळण्यातले, हे पोलिसांनाही ठाऊक नसते. ही घटना बंदुकीची धरावी काय? नियमपुस्तिकेत उत्तर असते, परंतु प्रत्येक नवी घटना नियमपुस्तिकेच्या दोन कलमांच्या मध्ये कोठेतरी येऊन पडते.

भाषेचा प्रश्नही आहेच. सर्बियन, बोस्नियन, मॉन्टेनेग्रिन या परस्परांना समजणाऱ्या भाषा, त्यांच्यासाठी सिरिलिक आणि लॅटिन अशा दोन लिप्या. त्याखेरीज मॅसिडोनियन आणि या सर्वांहून भिन्न शाखेतील अल्बेनियन. बातमीतील मोघम शब्दामागे काय दडले आहे, हे त्या भाषेत वाढलेल्या माणसालाच नेमके कळते. परदेशी तज्ज्ञांना मोठ्या मानधनावर आणून हे काम होण्यासारखे नव्हते. स्थानिक विद्यापीठांतील राज्यशास्त्र, सुरक्षा-अध्ययन, कायदा या विषयांचे पदवीधर येथे अपरिहार्य ठरले, ते यामुळे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे काम परके वाटू नये. साधनाचा बहिरंग आणि अंतरंग तपास, दुबार साक्षीची ओळख, लेखकाच्या हेतूचा विचार, हे सारे संस्कार बखरींच्या वाचनात जितके लागतात तितकेच कालच्या गुन्हेवृत्ताच्या वाचनातही लागतात.

नोंद एकदा करून संपत नाही, हे ३ मे २०२३ च्या घटनेने विदारकपणे दाखवले. बेलग्रेडमधील व्लादिस्लाव रिब्निकार प्राथमिक शाळेत एका १३ वर्षांच्या विद्यार्थ्याने वडिलांच्या पिस्तुलांनी गोळीबार केला. त्या दिवशी ८ विद्यार्थी आणि शाळेचा सुरक्षारक्षक असे ९ मृत्यू नोंदले गेले. मेच्या मध्यास आणखी एका विद्यार्थिनीचा रुग्णालयात मृत्यू झाला. पहिल्या दिवशीच्या बातमीवर थांबलेली नोंद कायमची एका मुलीने अपुरी राहिली असती. मोठ्या घटनेत हा बदल सर्वांच्या ध्यानात येतो. एखाद्या खेड्यातील जखमी माणूस तीन आठवड्यांनी दगावतो तेव्हा वृत्तपत्र ती बातमी देतेच असे नाही. दिलीच तर आतल्या पानावर दोन ओळींत. जुनी नोंद उघडून ‘जखमी’च्या रकान्यातील माणूस ‘मृत’च्या रकान्यात नेणे हे ज्याच्या चिकाटीवर अवलंबून असते, तो बहुधा काही महिन्यांसाठी आलेला प्रशिक्षणार्थीच असतो.

नोंदीपासून धोरणाकडे

नोव्हेंबर २०१५ मधील पॅरिसच्या हल्ल्यात वापरलेल्या शस्त्रांत झास्तावा बनावटीच्या रायफली आढळल्या आणि बाल्कनमधील शस्त्रे हा पश्चिम युरोपच्या दृष्टीने स्वतःच्या सुरक्षेचा प्रश्न बनला. बाल्कनमधील खेड्यात रोज जे घडत होते, त्याने एवढी हालचाल कधी झाली नव्हती, हेही येथे नमूद करणे उचित ठरेल. जर्मनी आणि फ्रान्स यांच्या पुढाकाराने तयार झालेला मार्गदर्शक आराखडा जुलै २०१८ मध्ये लंडन येथील परिषदेत मान्य झाला. अल्बानिया, बोस्निया-हर्जेगोव्हिना, कोसोव्हो, मॉन्टेनेग्रो, उत्तर मॅसिडोनिया आणि सर्बिया यांनी २०२४ पर्यंत गाठावयाची सात उद्दिष्टे आणि प्रगती मोजण्याचे १४ निर्देशक त्यात होते. कोसोव्होचे स्वातंत्र्य सर्बियाला मान्य नाही. तरीही दोघांची माहिती एकाच तक्त्यात येऊ लागली, ही बाब राजनैतिकदृष्ट्या लहान नव्हे.

निर्देशक आले की आकडे पुरवावे लागतात. पोलीस खाती आपापली आकडेवारी देत, पण त्यांच्या व्याख्या भिन्न होत्या आणि ती विलंबाने मिळे. वृत्तपत्रांतून घेतलेली नोंद अपुरी असली तरी ताजी होती, सर्वत्र एकाच नियमाने घेतलेली होती आणि तिच्या आधारे पोलिसांच्या आकड्यास प्रश्न विचारता येत होता. तिच्यातून संघटित टोळ्यांच्या चकमकींपलीकडचे एक चित्र पुढे आले. बंदूक चालवणारे जवळजवळ सर्वच पुरुष. बळींतही पुरुष अधिक. परंतु स्त्री बळी असते तेव्हा हल्लेखोर पुष्कळदा पती, माजी जोडीदार वा आप्त असतो आणि स्थळ तिचे स्वतःचे घर. शस्त्रतस्करीला लक्ष्य करणारे धोरण या घरापर्यंत पोहोचत नाही. तेथे परवाना देताना कौटुंबिक हिंसेची पूर्वनोंद तपासणे, तक्रार येताच शस्त्र ताब्यात घेणे असे उपाय लागतात. नात्याचा रकाना नियमितपणे भरला गेला नसता, तर हा मुद्दा केवळ मताच्या पातळीवर राहिला असता.

रिब्निकार शाळेतील शस्त्रेही परवान्याचीच होती. दुसऱ्याच दिवशी, ४ मे रोजी, म्लादेनोव्हात्स आणि स्मेदेरेव्हो परिसरातील खेड्यांत झालेल्या गोळीबारात आणखी ९ जण ठार झाले. सर्बियाच्या शासनाने ८ मेपासून महिनाभराची माफी जाहीर केली. पहिल्याच आठवड्यात सुमारे १३,५०० शस्त्रे जमा झाली. कोसोव्होतील १५५ च्या शेजारी हा आकडा ठेवला असता दिसते, की लोक शस्त्र केव्हा सोडतात हे योजनेच्या रचनेइतकेच समाजाच्या मनःस्थितीवर अवलंबून असते. अर्थात जमा झालेल्या शस्त्रांवरून सुरक्षिततेचा निष्कर्ष काढण्याचा जुना मोह येथेही आवरावयास हवा. २०१७ च्या आकडेवारीवर आधारित जागतिक अंदाजानुसार सर्बिया आणि मॉन्टेनेग्रो या दोन्ही देशांत दर १०० व्यक्तींमागे नागरिकांकडे सुमारे ३९ बंदुका होत्या.

मर्यादा आणि उमेदवारी

वृत्तपत्राने जे छापले नाही, ते या नोंदीत येत नाही. बंदुकीने झालेल्या आत्महत्या पुष्कळदा संकोचापोटी वा संपादकीय संकेतामुळे वगळल्या जातात. राजधानीतील झटापटीला मथळा मिळतो, डोंगराळ भागातील धमकीला मिळत नाही. पत्नीच्या उशाशी पिस्तूल ठेवून तिला वर्षानुवर्षे गप्प बसवणारा पुरुष कोणत्याच रकान्यात सापडत नाही, कारण त्याने गोळी झाडलेली नसते. एखाद्या देशात नोंदी वाढल्या तर हिंसा वाढली, की पत्रकारिता अधिक जागरूक झाली, हे केवळ नोंदींवरून सांगता येत नाही. वृत्तपत्रांवरील दडपण वाढले तर आकडा उतरेल आणि शासन त्याचे श्रेय घेईल, हा धोका काल्पनिक मानता येणार नाही.

दुसरी मर्यादा मनुष्यबळाची. मराठीत ‘उमेदवार’ हा शब्द आज निवडणुकीशी जोडला गेला असला, तरी ब्रिटिश काळातील कचेऱ्यांत पगाराची जागा मिळेल या आशेवर बिनपगारी काम शिकणाऱ्यासही उमेदवारच म्हणत. संयुक्त राष्ट्रांच्या व्यवस्थेतील इंटर्नशिपही दीर्घकाळ प्रायः विनावेतनच राहिली. परिणामी ज्याच्या घरी राजधानीत राहण्याची सोय आहे त्यालाच ती परवडे. अनुभवही सहा महिन्यांगणिक गळून जातो : शस्त्राचा प्रकार बातमीच्या भाषेवरून ओळखू लागलेला तरुण निघून जातो आणि नवा माणूस पुन्हा ‘कलाश्निकोव्ह’पासून आरंभ करतो. वर्षानुवर्षांची तुलना ज्या नोंदींवर उभी आहे, त्या करणारा हात वर्षातून दोनदा बदलत असेल, तर नियमपुस्तिका आणि दुबार तपासणी यांवर सारी भिस्त येते. रोज मृत्यूच्या बातम्या वाचण्याचा विशीतील मनावर काय परिणाम होतो, याचा विचारही निःशस्त्रीकरणाच्या साहित्यात क्वचितच आढळतो.

मॉन्टेनेग्रोतील त्सेतिन्ये हे जेमतेम पंधरा हजारांच्या आतबाहेर वस्तीचे जुने राजधानीचे शहर. १२ ऑगस्ट २०२२ रोजी तेथे एका व्यक्तीने १० जणांना ठार केले. १ जानेवारी २०२५ रोजी त्याच शहरात दुसऱ्या एका व्यक्तीने किमान १२ जणांचे प्राण घेतले. त्यावेळी बाल्कनच्या मार्गदर्शक आराखड्याची पहिली मुदत नुकतीच संपली होती आणि २०३० पर्यंतचा सुधारित आराखडा सुरू होत होता. नव्या वर्षाच्या पहिल्या नोंदींतच त्सेतिन्ये हे नाव पुन्हा लिहावे लागले.